निर्वासित मुलांना पर्यावरण शिकवायला यायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बीएस्सी बॉटनीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि गेली अडीच वर्षं दर रविवारी सकाळी पुण्यातल्या कोंढव्यात निर्वासित कुटुंबांतल्या लहान मुलांचा पर्यावरणाचा वर्ग घेते. ज्युनिअर्स, त्यांचे आईबाबा, आमच्या सोसायटीतल्या काकू, सगळे साधारण तेच प्रश्न विचारतात आणि व्हॉट्सअॅपवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं देताना महत्त्वाचं राहून जातं, म्हणून एकदा नीट बसून लिहिलंय. मुलांची नावं आणि वर्ग नेमका कुठे भरतो हे मुद्दाम लिहिलेलं नाही, कारण पुढे येईलच.

पुण्यात निर्वासित? कुठून आलेत हे लोक?

आमच्या वर्गात अफगाणिस्तान, येमेन आणि सोमालियाची मुलं आहेत. काहींचे बाबा किंवा मामा पुण्यात शिकायला आलेले होते, तेवढ्यात मागे देशात सगळं कोसळलं आणि परत जायचा रस्ताच बंद झाला. काबूल १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानच्या हातात गेलं, येमेनची राजधानी साना २०१४ मध्ये हूथींनी घेतली आणि २०१५ पासून तिथे बाँबहल्ले सुरू झाले, सोमालियात तर १९९१ मध्येच सरकार कोसळलं. म्हणजे वर्गातली काही मुलं इकडेच जन्मलीत, त्यांनी आपला देश फक्त आजीच्या व्हिडिओ कॉलवर बघितलाय.

हे लोक कुठल्या छावणीत राहत नाहीत, साध्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतात, एका खोलीत पाच-सहा जण. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे वेगळा असा कायदा नाही, बऱ्याच जणांकडे यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या संस्थेचं, कार्ड असतं आणि त्याचं ऑफिस दिल्लीला. कार्डाचं, व्हिसाचं काम निघालं की बाबा दिल्लीला जातात आणि त्या रविवारी ते मूल गप्प असतं, हे तुमच्याही लक्षात येईल हळूहळू.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाहीये बरं का. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला जवळपास पाच हजार पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ राहिले, त्यात बायका-मुलंच जास्त. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं आली ती आपल्या पिंपरी कॅम्पातच. पिंपरी कॅम्प आपण आता कपडे खरेदीला जायची जागा म्हणून ओळखतो, त्यातला ‘कॅम्प’ हा शब्द तिथून आलाय.

पर्यावरणच का? आधी इंग्रजी-गणित शिकवा ना!

तेही होतं. दुसरा ग्रुप शनिवारी अभ्यास घेतो आणि तो फार गरजेचा आहे. पण बघा, ही मुलं आठवडाभर एका खोलीत असतात, आई खाली खेळायला सोडायला घाबरते, बिल्डिंगचं पार्किंग सोडून शहर माहीतच नसतं. गणिताच्या तासाला ती मागे असतात कारण वर्गात काय बोलतायत तेच कळत नाही. बी रुजवायला मात्र व्याकरण लागत नाही. मटकी ओल्या फडक्यात बांधली की दुसऱ्या दिवशी मोड येतातच, ज्याने बांधली त्याची भाषा कुठलीही असो, आणि मग ती वाटी घेऊन ते मूल जेव्हा सगळ्यांना दाखवत फिरतं ना, तेव्हा त्याला पहिल्यांदाच काहीतरी ‘येत’ असतं.

शिवाय साध्या गोष्टी कोणी सांगितलेल्याच नसतात. ओला कचरा कुठला, पाणी किती वाजता येतं आणि का जातं, पावसाळ्यात पार्किंगमध्ये साप दिसला तर काय करायचं. आपल्याला आजीने सांगितलेलं असतं, त्यांची आजी काबूलला राहिली.

मला दारी (अफगाणिस्तानातली फारसी), अरबी, सोमाली काहीच येत नाही. जमेल का?

जमेल. मुलं हिंदी पटकन उचलतात आणि जी महापालिकेच्या शाळेत जातात त्यांना मराठीही येते, एक सात वर्षांचा तर मला “ताई, उशीर झाला तुम्हाला” असं म्हणतो. पण खरी मजा शब्दांची आहे. पहिल्या वर्गाला मी फळ्यावर ‘हवा’ लिहिलं आणि हात हलवून वारा दाखवत बसले होते, तर चार मुलं एकदम म्हणाली हवा, हवा! दारीत हवा, अरबीत हवा, सोमालीत हवो. मी हात हलवायची गरजच नव्हती.

मग आम्ही यादीच करायला लागलो. बर्फ, बाग, जमीन, गुलाब हे दारीवाल्यांना आपोआप कळतात. ‘दरिया’ मात्र आपल्याला समुद्र वाटतो, अफगाण मुलं नदीला दरिया म्हणतात, त्यावरून एकदा अर्धा तास गोंधळ झाला कारण एक मुलगा सांगत होता की आमच्या घरामागे दरिया होता आणि मी नकाशावर काबूलजवळ समुद्र शोधत होते. तुतीला दारीत आणि अरबीत दोन्हीकडे तूत म्हणतात. ही यादी एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर आहे, वर्गात आलात की भिंतीवर दिसेल, आणि नवीन शब्द सापडला की ज्याने शोधला त्याने स्वतःच्या लिपीत लिहायचा असा नियम आहे.

पहिल्या तासाला काय घेऊ?

झाड घ्या. पुस्तक नको, पीपीटी तर अजिबात नको.

आमच्या वर्गापासून दोन मिनिटांवर एक म्हातारी चिंच आहे, रस्त्याच्या कडेला, बुंध्याला कोणीतरी कधीतरी चुना लावलेला. प्रत्येक नवीन मूल तिच्यापासून सुरू करतं. आधी नुसतं हात लावायचा, मग खोडावर कागद ठेवून मेणखडू आडवा धरून घासायचा, सालीची नक्षी कागदावर उमटते. मग तिच्यावर कोण कोण राहतं ते मोजायचं, मुंगळे, खारी, साळुंक्या, बुंध्यातल्या भेगेत कोळ्याचं जाळं. प्रत्येकाची ‘माझं झाड’ वही आहे, त्यात महिन्यातून एकदा तरी चित्र काढायचं, पानं गळाली, नवी पालवी आली, फुलं आली, शेंगा धरल्या. चिंचेची पानं संध्याकाळी मिटतात हे आम्ही सांगितलं नव्हतं, एका अफगाण मुलीने स्वतः शोधलं. ती संध्याकाळी भावाबरोबर दूध आणायला जाताना बघायची आणि रविवारी येऊन म्हणाली, दीदी, पेड सो जाता है.

येमेनच्या मुलांना चिंच दाखवली तर ती म्हणाली ‘तमर हिंदी’. म्हणजे हिंदुस्तानी खजूर! त्यांच्याकडे रमजानमध्ये याचं सरबत करतात. आणि गंमत म्हणजे चिंच मुळात आफ्रिकेची, कुठल्या काळी इकडे आली आणि इतकी इथली झाली की अरबांनी तिचं नावच हिंदी ठेवलं. हे मी सांगितलं तेव्हा सोमाली पोरं अशी काही ताठ बसली की विचारू नका.

देशी-विदेशी झाडं शिकवता का?

याचं उत्तर मोठं आहे आणि नवीन येणाऱ्याने हे आधी वाचावं असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजात आपण हे सहज शिकतो. देशी झाडं चांगली, विदेशी झाडं वाईट, ती आपल्या झाडांची जागा खातात, पक्षी त्यांच्यावर घरटी करत नाहीत, टेकडीवर गिरिपुष्प लावून वाट लावली वगैरे. मी पहिल्या वर्षी हेच जसंच्या तसं घेऊन गेले. चित्रं दाखवत होते, घाणेरी, जलपर्णी, गिरिपुष्प, आणि म्हणत होते, ये बाहर से आए हुए पेड हैं, इनको निकालना पडता है. मागच्या रांगेतला दहा-अकरा वर्षांचा मुलगा, एरवी सगळ्यात जास्त बोलणारा, त्याने विचारलं, दीदी, कितने साल के बाद वो बाहर का नहीं रहता?

मला उत्तर देता आलं नाही. मी घरी येऊन खूप रडले, कारण ही भाषा त्याने रस्त्यावर, बसमध्ये, घरमालकाच्या तोंडून ऐकलेली होती आणि मी तीच झाडाच्या नावाने परत ऐकवली होती.

त्यानंतर शिकवायची पद्धत पूर्ण बदलली. आणि खरं सांगायचं तर आता जे शिकवते ते शास्त्राला जास्त धरून आहे. झाड कुठून आलं हा एक प्रश्न आणि ते इथे काय करतं हा वेगळा प्रश्न. गुलमोहर मादागास्करचा, मिरची आणि बटाटा अमेरिका खंडातले, चिंच आफ्रिकेची, गाजराची शेती इराण-अफगाणिस्तानच्या पट्ट्यात सुरू झाली असं मानतात. यातलं कोणीच टेकडी गिळत नाही. जलपर्णी दक्षिण अमेरिकेतली, ती नदीवर चटईसारखी पसरते आणि खालच्या पाण्याला उजेड आणि हवा मिळू देत नाही. पण ती एवढी माजते कशामुळे? तर आपण नदीत सांडपाणी सोडतो, त्यातलं खाद्य तिला मिळतं. म्हणजे भांडण तिच्या गावाशी नाहीये. हे मुलांना लगेच समजतं, मोठ्यांना समजवायला वेळ लागतो.

तर ‘परकी’, ‘उपरी’, ‘बाहेरची’, ‘घुसखोर’ हे शब्द वर्गात वापरायचे नाहीत. ‘पसरणारी झाडं’ म्हणा, ‘दुसऱ्याला जागा न ठेवणारी’ म्हणा. तो मुलगा आता आठवीत आहे आणि घाणेरीला आम्ही का उपटतो हे लहान मुलांना तोच समजावतो.

नदी दाखवायला नेता का?

नेतो, पण जपून. मुठेजवळ पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलांनी नाक दाबलं आणि एकाने विचारलं, ये नाला है? मला वाईट वाटलं पण त्याचं चुकलं नव्हतं. म्हणून आता क्रम उलटा ठेवलाय. आधी खडकवासल्याला धरणाजवळ लांबून स्वच्छ पाणी बघायचं, ते धरण १८७९ चं आहे, आपल्या नळाचं पाणी तिथून येतं, मग शहरातली मुठा, मग संगमावर मुळा येऊन मिळते ते. एकच पाणी मधल्या वीसेक किलोमीटरमध्ये काय होऊन येतं हे मुलं स्वतःच बोलायला लागतात.

इथे आजीची गोष्ट सांगते. माझी आजी नारायण पेठेत वाढली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा ती नऊ वर्षांची. गेल्या वर्षी मी तिला वर्गात घेऊन गेले. तिने काही तयारी केली नव्हती, खुर्चीवर बसली आणि मराठीतच सांगायला लागली, मी जमेल तसं हिंदी करत होते. पाणी आलं तेव्हा तिच्या आईने गव्हाचा डबा उचलला आणि मग तो ठेवून धाकट्या भावाला उचललं. पाणी उतरल्यावर घर होतं तिथे चिखल, आणि चिखलात शेजाऱ्यांचा तंबोरा. पुढे चार महिने नातेवाइकांकडे. ओळखीतल्या कितीतरी जणांना गोखलेनगरला पूरग्रस्तांच्या वसाहतीत घरं मिळाली, आणि तिथल्या लोकांना नंतर कित्येक वर्षं ‘पूरग्रस्त’ असंच म्हणायचे.

मुलं एकदम शांत झाली होती. मग एका येमेनी मुलीने आजीला विचारलं, तुमने क्या उठाया था? म्हणजे पळताना तू काय घेतलंस. आजीने थोडा विचार केला आणि म्हणाली, पाटी. मुलगी म्हणाली, मैंने बिल्ली उठाई थी, लेकिन गाडी में नहीं लेने दिया. आजीने तिला जवळ ओढून घेतलं. मला तेव्हा भाषांतर करायची गरज पडली नाही.

तेव्हापासून आजी महिन्यातून एकदा येते, कुंड्यांना पाणी किती घालायचं हे तिचं डिपार्टमेंट आहे.

‘पाणी वाचवा’ वगैरे पोस्टर करून घेऊ का?

शक्यतो नको हो. ज्या मुलीने सानामध्ये लांबच्या टाकीवरून पिवळे कॅन भरून आणलेत तिला आपण पाण्याचं मोल शिकवणार? तिलाच शिकवू द्या. आमच्याकडे ती एका बादलीत भांडी, मग तेच पाणी फरशीला, मग कुंडीला, असं करून दाखवते आणि कोंढव्यात टँकरवर जगणाऱ्या आमच्या मुलांनाही ते नवीन असतं.

मोजायला मात्र लावा. आम्ही वर्गाच्या बेसिनचा गळका नळ मोजला. सेकंदाला साधारण एक थेंब. खोकल्याच्या औषधाचं १० मिलीचं झाकण दहा मिनिटांत तीन वेळा भरलं. मग गुणाकार, तासाला १८० मिली, दिवसाला ४ लिटर ३२० मिली. गणिताला घाबरणारी पोरं फळ्यावर भांडत होती की शून्य कुठे द्यायचं. दुसऱ्या रविवारी एकाचे बाबा, पूर्वी इंजिनिअर होते, पाना आणि वॉशर घेऊन आले आणि नळ दुरुस्त करून गेले.

काय बोलू नये, काय करू नये?

‘तुझं घर काढ’ असं सांगू नका. ‘तुमच्या गावाबद्दल सांग’ हेही पहिल्या दिवशी नको, ती आपणहून सांगतात, चिंचेखाली मुंग्या बघता बघता सांगतात. गरीब बिचारी, अशा नजरेने बघू नका, त्यांना ती नजर लांबून ओळखता येते.

आणि आवाज. हे खूप महत्त्वाचं आहे. आपण पुणेकर लोहगावच्या सुखोईंना इतके सरावलोय की आकाशात विमान कडाडत गेलं तरी मान वर करत नाही. तळजाई टेकडीवर आम्ही गवतात टोळ शोधत होतो, एक विमान अगदी कमी उंचीवरून गेलं आणि आठ वर्षांचा मुलगा तोंडावर हात घेऊन जमिनीवर पालथा पडला. त्याच्याबरोबर लहान बहीण, तिने नुसतं त्याचं बघून तसंच केलं, तिला कारणही माहीत नसेल. अशा वेळी ‘काही नाही रे, घाबरू नको’ म्हणू नका. मी काय केलं, त्याच्या शेजारी गवतात पालथी झोपले. पाच मिनिटं. मग म्हटलं, इथून मुंग्यांची रांग दिसतेय बघ. त्याने एक डोळा उघडला. मग सगळा वर्गच पालथा पडून मुंग्या बघत होता. आता तळजाईला निघताना आधीच सांगतो की विमान येऊ शकतं, सरावाचं असतं, आवाज मोठा असतो. दिवाळीचे फटाके, गणपतीतले ढोल-ताशे, टोल यांचंही तसंच, आठवडाभर आधी मोबाइलवर बारीक आवाजात ऐकवतो, मग थोडा मोठा. गेल्या गणपतीत दोन पोरं स्वतःहून मिरवणूक बघायला गेली, कानात कापूस घालून.

याच तळजाईवर हुदहुद दिसला होता. डोक्यावर तुरा असलेला, जमिनीत चोच खुपसून किडे काढणारा पक्षी. मी हळूच म्हटलं ते बघा हुदहुद, आणि सगळीच्या सगळी पोरं ओरडली, हुदहुद! अरबीत, दारीत तोच शब्द, सुलेमान पैगंबरांच्या गोष्टीतला पक्षी म्हणून तिन्ही देशांच्या मुलांना माहीत. पक्षी उडाला अर्थातच. पण त्यांच्या गोष्टीतला पक्षी इथे टेकडीवर राहतो हे त्यांना त्या दिवशी कळलं, घरी जाऊन प्रत्येकाने आईला सांगितलं.

कचऱ्याबद्दल काय शिकवता?

ओला-सुका वेगळा करणं, आणि सॅनिटरी कचऱ्यावर कागदात गुंडाळून लाल खूण करणं, हे मोठ्या मुलींच्या आयांनाही सांगतो. ‘स्वच्छ’ संस्थेतल्या, आमच्या गल्लीतून कचरा नेणाऱ्या ताईंना एकदा बोलावलं होतं. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि २००८ पासून ‘स्वच्छ’ ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था घरोघरचा कचरा नेते, हे मलाही वर्गासाठी तयारी करतानाच नीट कळलं. ताईंनी हात दाखवले, फुटलेल्या काचेने कापलेले. तेव्हापासून मुलं काच जाड कागदात गुंडाळून वर चित्र काढून देतात.

आणि टाकाऊतून खेळणी. यासाठी पुण्याइतकं भाग्यवान शहर नाही, अरविंद गुप्ता आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं हेच करत होते. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे एवढ्यात त्रिकोण, चौकोन, घर, पूल सगळं होतं. त्रिकोण हलत नाही, चौकोन लुळा पडतो, हे हातात घेतल्यावर कळतं.

ही मुलं क्लायमेट चेंजमुळे आलीत का? क्लायमेट रिफ्युजी म्हणायचं का?

असं सरसकट म्हणू नका. १९५१ च्या करारात वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत या कारणांवरून होणारा छळ एवढंच आहे, हवामान त्यात नाही. आमची मुलं युद्धामुळे, जिवाच्या भीतीने आलीत. पण त्यांच्या घरच्यांशी बोललं की कळतं, आधी विहीर आटली, मग जनावरं गेली, मग शहरात आले आणि मग शहरात गोळीबार. सोमालियात पावसाचे दोन हंगाम, एप्रिल-जूनचा ‘गू’ आणि ऑक्टोबर-डिसेंबरचा ‘देयर’, ते चुकायला लागले की सगळंच चुकतं. मुलांना भविष्याची भीती मात्र दाखवायची नाही. आगीत जळणाऱ्या पृथ्वीचं चित्र आमच्या वर्गात नाही.

आपल्याच गरीब मुलांना आधी का नाही शिकवत?

शिकवतो की. वर्गात शेजारच्या बिल्डिंगच्या वॉचमनची तीन मुलं आहेत, बीडकडची, पाऊस नाही म्हणून आलेली. त्यातला एक आणि एक सोमाली मुलगा, दोघांच्या घरी शेळ्या होत्या. बाभळीच्या शेंगा शेळ्यांना कशा आवडतात, काठीने फांदी हलवली की कशा पळत येतात, हे दोघं एकमेकांना हातवारे करून सांगत होते आणि बाभूळ तिकडेही होती इकडेही. तुम्ही आधी कोण, नंतर कोण अशी रांग लावायला गेलात तर त्या दोघांना कुठे उभं करणार सांगा.

शाळेत प्रवेश मिळतो का त्यांना?

शिक्षण हक्क कायदा २००९ मध्ये ६ ते १४ वयाचं ‘प्रत्येक मूल’ असं म्हटलंय आणि जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. तरीही एका शाळेत आम्हाला चार फेऱ्या मारायला लावल्या, दर वेळी नवीन कागद. कायद्याची प्रिंट बरोबर ठेवा, आवाज चढवू नका, पण उठून यायचं नाही.

आईवडील पाठवतात का? मुलींना?

सुरुवातीला मुली येत नव्हत्या. मग आम्ही आयांनाच बोलावलं, गच्चीवर पुदिना आणि कोथिंबीर लावायला. अफगाण खालांनी पुदिना असा काही वाढवलाय की आता तोच सगळ्या वर्गाला पुरतो. रमजानमध्ये टेकडी नाही, वर्ग सावलीत आणि छोटा. कुठेही न्यायचं तर पालकांची सही, आणि दर सहा मुलांमागे एक मोठं माणूस, यात सूट नाही.

फोटो टाकू शकतो का?

नाही. चेहरा, नाव, शाळेचा गणवेश, बिल्डिंगची पाटी, काहीच नाही. यांचे नातेवाईक अजून तिकडे आहेत आणि एखादा फोटो कोणाच्या हाती लागेल सांगता येत नाही. ५ जूनला पर्यावरण दिन आणि २० जूनला निर्वासित दिन, त्या पंधरवड्यात बरेच ग्रुप रोपं आणि कॅमेरे घेऊन येतात, रोपं लावतात, जातात, जुलैत ती रोपं कोणी बघत नाही. हातांचे, पानांचे, वहीतल्या चित्रांचे फोटो काढा, तेही विचारून.

एनएसएसचे (राष्ट्रीय सेवा योजनेचे) तास मिळतात का?

प्रोग्रॅम ऑफिसरशी आधी बोला, आमच्या कॉलेजात धरतात. दोन वर्षांचे २४० तास याच्यातून भरून काढायचे एवढ्यासाठीच येणार असाल तर मात्र दुसरं काम निवडा, त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

किती दिवस यावं लागेल? मध्येच सोडलं तर?

कमीत कमी एक पूर्ण सेमिस्टर, दर रविवारी, परीक्षेचे तीन आठवडे सोडून. या मुलांच्या आयुष्यातून माणसं न सांगता गेलेली आहेत. आमच्याकडे एक दादा होता, फार छान शिकवायचा, इंटर्नशिप लागली आणि ग्रुपवर मेसेज टाकून थांबला. एक मुलगी पुढचे पाच रविवार दारात उभी राहून विचारत होती, भैया को क्या हुआ, पुलिस ले गई क्या? तर जायचं असेल तर जा, पण समोर येऊन सांगा, दोन आठवडे आधी, आणि शेवटच्या दिवशी त्यांच्याबरोबर चिंचेला एक फेरी मारा.

उलटंही होतं. मुलंच जातात. कॅनडाला कायमचं राहायला जायचं काम झालं की कुटुंब आठवड्याभरात निघतं. त्या वेळी ‘माझं झाड’ वही द्यायची त्यांच्याबरोबर, आणि एक सालीचा ठसा इथे भिंतीवर ठेवायचा, मागे त्यांच्या लिपीत तारीख. आत्ता भिंतीवर अकरा ठसे आहेत.

पहिल्या दिवशी काय आणू?

चालायचे बूट, पाण्याची बाटली, जुने वर्तमानपत्र, बाटल्यांची झाकणं असतील तेवढी. मेणखडू संपत आलेत, आणले तर चांगलंच. चॉकलेटं नको, एकाला मिळालं एकाला नाही असं होतं, आणायचीच तर केळी आणा आणि सालं आमच्या खताच्या माठात टाका. फेब्रुवारी-मार्चमध्ये येत असाल तर चिंचा पिकलेल्या असतात, खाली पडलेल्याच उचलायच्या, झाडाला दगड मारायचा नाही. हा नियम मुलांनी केलाय आणि मोठ्यांनाही लागू आहे, ती लक्ष ठेवून असतात.